दारूबंदीच्या भांडणात रोगी कुठे आहे?

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१च्या मंत्रिमंडळ बैठकीत ती उठवायचं ठरलं. मधल्या सहा वर्षांत दोन्ही पक्षांनी एकमेकांवर भरपूर आकडे फेकले. किती कोटींचा महसूल बुडाला, किती पेट्या पकडल्या, किती गुन्हे नोंदले गेले. त्या ढिगात एक आकडा मला कुठेच दिसला नाही. पिणं अचानक तुटल्यावर झटके आले, भ्रम झाला अशी किती माणसं दवाखान्यात आली आणि त्यांचं पुढे काय झालं?

बंदीवाले म्हणतात, दारू गेली की रोग गेला. परवानावाले म्हणतात, ज्याला प्यायची तो पितोच, मग तिजोरीत तरी दोन पैसे येऊ द्या. एकाच्या लेखी पिणारा गुन्हेगार, दुसऱ्याच्या लेखी गिऱ्हाईक. रोगी म्हणून त्याला कोणीच खतावणीत धरत नाही. मी बंदीची टवाळी करणार नाही. २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेलेल्या बायका हौस म्हणून चालल्या नव्हत्या, आणि हाताशी दारू कमी असली की पिणं कमी होतं हेही खरं. पण बंदी म्हणजे उपचार नव्हे. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे, तरी २०१६मध्ये ‘सर्च’ संस्था, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासनाला ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू करावं लागलं आणि त्यात व्यसनउपचाराचा वेगळा भाग ठेवावा लागला, ते उगीच नाही.

गावात पोलीस पाटलापासून मास्तरांपर्यंत सगळे सांगतात, मनात आणलं की सुटते. कोणी माळ घालतं, कोणी देवापुढे शपथ घेतं, कोणी नवऱ्याच्या चहात गुपचूप पुडी टाकतं. काहींची सुटते, नाही असं नाही. पण वीस वर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवली की काय होतं, ते तालुक्याच्या दवाखान्यात रात्री जाऊन बघावं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. एखाद्याला दुसऱ्या दिवशी फिट येते. तिसऱ्या रात्री तो अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकतो, नसलेल्या बैलांना हाका मारतो, आणि बायको जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याचा हात खाटेला बांधून उशाशी बसते. सासू म्हणते बाहेरची बाधा, वॉर्डबॉय म्हणतो नाटक. वैद्यकात याला डिलिरिअम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. मार्च २०२०च्या टाळेबंदीत केरळात दुकानं एका रात्रीत बंद झाली, पिणाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. उच्च न्यायालयाने तो थांबवला, ते बरंच झालं. पण हा शरीराचा आजार आहे एवढं तरी त्या सरकारला उमगलं होतं.

अशा माणसाला आपल्याकडे आधी काय मिळतं? सलाईन. ग्लुकोजची बाटली चढली की नातेवाइकांचं समाधान होतं. सततच्या दारूने आणि अर्धपोटी राहण्याने त्याच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व आटलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवणं मेंदूला धोक्याचं, हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं. कमतरता तशीच राहिली तर नजर स्थिर राहत नाही, चाल अडखळते, आणि पुढे सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. डोक्याला खोक न पडता झालेली ही मेंदूची इजा. औषध काही रुपयांचं. पण ते किती द्यावं? २०१३च्या कॉक्रेन आढाव्याने जगभरचे प्रयोग चाळून सांगितलं की डोस ठरवण्याजोगा पुरावाच नाही. पेटंट नसलेल्या इंजेक्शनच्या डोसात कंपन्यांना कसला रस असणार! पुढे प्रयोग झाले ते ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, डार्विन आणि ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयांत. दूरदूरची वस्ती, रुग्णांत मूळनिवासी बरेच. २०२२मध्ये निष्कर्ष आला की मोठ्या डोसचा कमी डोसपेक्षा ठळक फायदा दिसत नाही. हे काम सिडनीची वाट बघत थांबलं नाही. आमच्याकडे मात्र रोगी गडचिरोलीतल्या एटापल्लीत आणि संशोधन बंगळूरला, ही वाटणी कोणाला खटकत नाही.

यावर शहाणे लोक म्हणतात, जगात सगळं शोधून झालंय, ते आणून लावा, नवं संशोधन कशाला? बरं, आणून बघू. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या भेटींत त्यांच्याशी बोलणं केलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सावरले, बाकीच्यांपैकी २६. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, बाकीच्यांत १८. आणि त्याच निबंधात नमूद आहे की बायकोवरच्या मारहाणीत फरक पडला नाही. मला ही कबुली सगळ्या टक्क्यांइतकी मोलाची वाटते. प्रचारपत्रकात ती कधी छापली गेली नसती.

आता हेच गडचिरोलीतल्या भामरागडला लावा. व्यसन पुरतं जडलेले लोक त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. तिथली प्रश्नावली विचारते, तुम्ही किती पेग घेता. मोहाची घरी गाळलेली दारू तुंब्यातून पानाच्या द्रोणात पडते, तिचा पेग कसा मोजणार? ती कधी देवाला वाहिलेली असते, कधी लग्नात सगळ्यांबरोबर घेतलेली, कधी एकट्याने पहाटे ढोसलेली. यातली कुठली रोगाची? समुपदेशक माडिया बोलणारा हवा, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की ठरलेल्या दिवशी भेट होत नाही. यातलं काय टिकतं आणि काय ढासळतं, ते इथे तपासल्याशिवाय कळायचं नाही. २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात छत्तीसगड होतं, महाराष्ट्र नव्हताच. मग आपण कुठली तयार उत्तरं आणणार आहोत? अमरावतीत तीस खेड्यांत ‘विश्राम’ उपक्रम झाला आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२वर गेले. विदर्भात हे होतं. मोजलं म्हणून कळलं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही: आदिवासींना गिनीपिग करू नका. गोदावरीच्या काठाने खाली गेलं की तेव्हाचा खम्मम जिल्हा लागतो. तिथे २००९मध्ये वसतिगृहातल्या आदिवासी मुलींना एचपीव्ही लस दिली गेली आणि कित्येकींच्या संमतीपत्रावर सह्या होत्या वॉर्डनच्या. संसदीय समितीने २०१३मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. ही भीती अनुभवातून आली आहे. पण तिच्यावरून ‘संशोधनच नको’ म्हणणं हा मला दुसरा अन्याय वाटतो. गडचिरोलीच्याच ३९ गावांत ‘सर्च’ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ला छापून आला, आणि २०११पासून देशभरच्या आशा तेच काम करताहेत. गंभीर मलेरियाचं बघा. क्विनीनऐवजी आर्टेसुनेट देऊन मृत्यू २२ टक्क्यांवरून १५वर येतात हे २००५मध्ये सिद्ध झालं, ते आशियातल्या चार देशांतल्या १,४६१ रुग्णांमुळे. त्यात ओडिशातल्या राउरकेल्याचे रुग्ण होते. त्यांनी भाग घेतला नसता तर आपल्या वॉर्डात आजही क्विनीनच चढलं असतं. आणि संशोधन न करणं म्हणजे प्रयोग टाळणं, हा भ्रमच. डोक्याला मार लागलेल्यांना डॉक्टर कित्येक वर्षं भरवशाने स्टेरॉइड देत होते. दहा हजार रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीने २००४मध्ये दाखवलं की त्याने जास्त माणसं मरतात. म्हणजे तोवर प्रयोग चालूच होता, फक्त वही ठेवलेली नव्हती.

तेव्हा अटी घाला, कडक घाला. ग्रामसभेपुढे बसून, लोकांच्या भाषेत, तोंडी समजावून सांगा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावात अभ्यासगटाची परंपरा आहेच. पण ग्रामसभेचा होकार हा माणसाचा होकार समजू नका, आणि प्यालेल्या माणसाचा अंगठा तर मुळीच घेऊ नका. प्रयोग संपल्यावर औषध आणि समुपदेशक गावात राहिले पाहिजेत.

काम अवघड आहे, पण सुरुवात महाग नाही. वैनगंगेच्या एका तीरावर १९९३पासून बंदी, दुसऱ्या तीरावर २०२१पासून दुकानं उघडी, लोक, शेती, जंगल जवळपास सारखं. अशी तुलना कुठल्याही प्रयोगशाळेला मांडता येणार नाही, ती आपल्याकडे आयती पडून आहे. चंद्रपूरचं वैद्यकीय महाविद्यालय २०१५चं, गडचिरोलीचं २०२४चं. दोन्ही तीरांवरच्या ग्रामीण रुग्णालयांत फिट, भ्रम आणि डोक्याची इजा घेऊन येणाऱ्यांच्या केसपेपरवर दोन रकाने वाढवावेत: शेवटचा घोट कधी घेतला, आणि रोज किती घेत होता. गडचिरोलीच्या तीरावर याचं खरं उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुली. म्हणून हा कागद ठाण्यात जाणार नाही, असं जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी आधी लेखी द्यावं लागेल.