फळ्यावरची सही

जुन्या काळच्या दूरचित्रवाणीवरील खेळांविषयी, आणि त्या खेळांत पाहुणे म्हणून येऊन बसणाऱ्या नामवंतांविषयी ज्यांच्या मनात ओढ आहे, त्यांच्यावर आजवर दोन प्रकारचा अन्याय होत आला आहे. एक त्यांच्या टीकाकारांनी केलेला, आणि दुसरा, जो मला अधिक घातक वाटतो, तो त्यांनी आपली कैफियत चुकीच्या रीतीने मांडून स्वतःवर ओढवून घेतलेला. टीकाकार म्हणतात की हे सारे स्मरणरंजन आहे, उतारवयात मनाला जडणारी एक व्याधी आहे, आणि त्यात भरीस भर म्हणून नटनट्यांच्या पूजेचा हीन सोस आहे. भक्त म्हणतात की तो काळच सोज्ज्वळ होता, माणसे सभ्य होती, खेळ निर्मळ होते. या दोन्ही पक्षांचे म्हणणे मला अमान्य आहे. तथापि ज्या वस्तूवरून हा वाद चालला आहे ती वस्तू आदरास पात्र आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याच्या सिद्धतेसाठी मी एकच दाखला घेतो. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झालेला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी समाप्त झालेला 'व्हॉट्स माय लाइन?', म्हणजे 'माझा व्यवसाय कोणता?', हा तो खेळ.

तारुण्याच्या आठवणीचा आक्षेप प्रथम निकालात काढू. हा खेळ बंद पडला त्या दिवशी मुंबईत दूरचित्रवाणी नव्हती. दिल्लीत तिचा आरंभ १९५९ साली झाला होता खरा, परंतु मुंबईत ती अवतरली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मी हे भाग पाहिले ते कित्येक दशकांनंतर, संगणकाच्या पडद्यावर, रात्री घरातले सारे निजल्यानंतर. त्यांत माझे बालपण नाही, माझी आळी नाही, माझ्या ओळखीचा एकही चेहरा नाही. ज्याची आठवणच नाही त्याच्या आठवणीने कोणी व्याकुळ कसा होईल? तेव्हा जी गोष्ट परक्या देशातल्या, परक्या भाषेच्या, पुढल्या पिढीतल्या प्रेक्षकालाही धरून ठेवते, तिच्यात काही अंगभूत गुण असला पाहिजे, एवढे तरी टीकाकारांनी मान्य करावयास हरकत नाही.

खेळाची रीत साधी होती. एक अनोळखी मनुष्य आत येई, फळ्यावर खडूने आपली सही करी आणि सूत्रधार जॉन चार्ल्स डेली यांच्या शेजारच्या खुर्चीत बसे. चार प्रश्नकर्त्यांनी, 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारीत, त्याचा व्यवसाय ओळखावयाचा. प्रत्येक नकाराला पाहुण्याच्या नावे पाच डॉलर जमा व्हावयाचे, आणि दहा नकार भरले की पन्नास डॉलर घेऊन तो विजयी ठरावयाचा. प्रश्नकर्ते सामान्य नव्हते. बेनेट सर्फ हे रँडम हाउस या ग्रंथप्रकाशन संस्थेचे सहसंस्थापक, ज्यांच्या संस्थेने १९३३ साली न्यायालयात झगडून जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या बंदी घातलेल्या कादंबरीला अमेरिकेत मोकळी वाट करून दिली. डॉरथी किलगॅलन या फौजदारी खटल्यांचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकार, आणि त्यांची प्रश्न विचारण्याची रीतही एखाद्या निष्णात वकिलाने उलटतपासणी घ्यावी तशी. आर्लीन फ्रान्सिस या नाट्यअभिनेत्री. खुद्द डेली हे मुळात वार्ताहर, पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी डिसेंबर १९४१ मध्ये ज्यांच्या तोंडून असंख्य अमेरिकनांनी रेडिओवर ऐकली तेच. अशी ही माणसे, पुरुष काळ्या टायमध्ये आणि स्त्रिया मेजवानीच्या पोशाखात, रविवारी रात्री साडेदहा वाजता एका साध्या कामकऱ्यासमोर बसून, हा मनुष्य पोट कशावर भरतो याचा जिवापाड शोध घेत.

आता नामवंतांच्या पूजेच्या आरोपाकडे वळू. प्रत्येक भागात एक पाहुणा असा येई की ज्याचा चेहरा सर्वांच्या परिचयाचा असे. तो येण्यापूर्वी प्रश्नकर्ते डोळ्यांवर पट्ट्या बांधीत आणि तो बहुधा आपला आवाज बदलून उत्तरे देई. या एका नियमात काय घडते ते नीट पाहावे. देवळात शिरताना पादत्राणे बाहेर काढून ठेवावीत, त्याप्रमाणे कीर्ती बाहेर ठेवून आत यावे लागे. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट १९५३ साली त्या खुर्चीत बसल्या. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, बसले. जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँग बसले, आणि ज्या घोगऱ्या आवाजावर जग लुब्ध होते तोच आवाज लपविण्याची खटपट त्यांना करावी लागली. १९५७ साली चित्रकार साल्वादोर दाली आले आणि लेखक आहात काय, रंगमंचावर काम करता काय, अशा जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणत गेले, तेव्हा प्रश्नकर्त्यांची दिशाभूल होऊ नये म्हणून डेलींना मध्ये पडून खुलासे करावे लागले. परंतु दालींची प्रतिष्ठा मोठी म्हणून त्यांच्यासाठी नियम सैल झाला नाही. पूजा तेथे होते जेथे मूर्ती उंचावर असते. येथे मूर्तीला खाली उतरवून, तू कोण आहेस हे पुन्हा एकदा सिद्ध कर, असे बजावले जात होते, आणि मूर्तीही ते आनंदाने मानीत होती.

पहिल्याच रात्री न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबात येणाऱ्यांच्या टोप्या सांभाळणारी एक तरुणी आली, आणि त्याच रात्री यांकीज संघाचा सुप्रसिद्ध बेसबॉलपटू फिल रिझुटो आला. खुर्ची तीच, फळा तोच, प्रत्येक नकाराचे पाच डॉलर तेच. नामवंतांना पडद्याआड स्वतंत्र मानधन मिळे आणि आपले नवे नाटक किंवा चित्रपट यांचा गाजावाजा करण्याची संधीही ते साधीत, हे मी नाकारीत नाही. परंतु खेळ चालू असेतो पारडे समतोल राही. ब्रिटनमध्ये १९५१ पासून बीबीसीने हाच खेळ चालविला, आणि तेथे अमुक नट आला होता हे आज थोड्यांच्याच लक्षात असेल, परंतु कुंभारकामाच्या कारखान्यातला 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर', म्हणजे भट्टीत भांडी ठेवण्याच्या मातीच्या पेट्यांचे तळ ठोकून तयार करणारा कारागीर, त्या देशाच्या स्मृतीत कायमचा घर करून बसला आहे. एका भट्टीवरच्या कामगाराला ही अमरता मिळावी, ही नामवंतांच्या पूजेची खूण आहे काय?

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही, आणि ती कदाचित मराठी वाचकालाच पुरती उमगेल. ज्या समाजात लोहार, सुतार, कुंभार ही व्यवसायाची नावे आडनावे होऊन माणसाच्या जन्माला चिकटली, जेथे बलुत्याच्या हिश्शावरून गावातले घर आणि घरावरून पाण्याची विहीर ठरली, तेथे 'तुम्ही काय करता' हा प्रश्न निर्मळ कधीच नव्हता. त्याच्या पोटी 'तुम्ही कोणाचे' हा दुसरा प्रश्न दबा धरून बसलेला असे. पडद्यावरच्या फळ्यावर मात्र मनुष्य आपले नाव पुरते लिहितो आणि तरीही चार अत्यंत चतुर माणसांना त्याचा धंदा कळत नाही, ती दहादहा वेळा चुकतात, आणि ही चूक झाल्याबद्दल सारी सभा आनंदाने टाळ्या वाजविते, हे प्रथम पाहिले त्या रात्री मी तो भाग पुन्हा आरंभापासून लावला. नावावरून माणूस ओळखता येत नाही, ही गोष्ट तेथे खेळाचा पाया होती.

आता भक्तांकडे. तो काळ निर्मळ होता, असे म्हणणाऱ्यांनी त्याच काळचे दफ्तर उघडून पाहावे. एनबीसीवरील 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेत उत्तरे आधी पुरविली जात होती. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला हरण्याचा हुकूम झाला आणि कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांना जिंकविण्यात आले, आणि लाखाहून अधिक डॉलरची बक्षिसे व देशभर कीर्ती मिळविल्यानंतर नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे व्हॅन डोरेन यांना हे सारे कबूल करावे लागले. पुढे १९६० साली अशी फसवणूक कायद्याने गुन्हा ठरली. निर्मळपणा काळात असता तर हा कज्जा उद्भवलाच नसता. 'व्हॉट्स माय लाइन?' या चिखलातून बहुतांशी कोरडा राहिला, त्याचे कारण त्याच्या पन्नास डॉलरांत शोधावे लागते. जेथे लुबाडण्याजोगे काही नाही तेथे चोराला येण्याचे प्रयोजन नसते. आणि पैशाची मातब्बरी इतकी थोडी होती की वेळ संपत आली म्हणजे डेली नकारांची रक्कम दाखविणारी उरलेली सारी पाने एकदम उलटून पाहुण्याला पूर्ण रक्कम देऊन टाकीत.

खुद्द या खेळाच्या अंगावरही डाग आहेत. कवी लुई अंटरमायर हे आरंभीच्या प्रश्नकर्त्यांपैकी एक. साम्यवादविरोधी मंडळींच्या दडपणामुळे १९५१ साली त्यांना मंडळातून दूर करण्यात आले, आणि सभ्यतेच्या त्या सुंदर सभेने ते निमूटपणे पचविले. पुरुषी समजले जाणारे काम करणारी स्त्री आली की हास्याचा जो गडगडाट होई, तो आज ऐकताना मला बरे वाटत नाही. या गोष्टी दडवून जो या खेळाची स्तुती करतो तो त्याचा मित्र नव्हे. परंतु डाग आहेत म्हणून वस्त्रच फेकून द्यावे, असा सल्ला देणाऱ्यांशीही माझे जमत नाही. कारण त्या वस्त्रात जे बांधून ठेवले आहे ते दुसरीकडे कोठेही मिळावयाचे नाही. याच निर्मात्यांच्या 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या दुसऱ्या खेळात ९ फेब्रुवारी १९५६ रोजी सॅम्युअल सेमूर नावाचे पंचाण्णव वर्षांचे गृहस्थ आले. पडल्यामुळे त्यांच्या डोळ्यावर सूज होती, तरीही मागे फिरावयास ते राजी झाले नाहीत. त्यांचे गुपित असे की पाच वर्षांचे असताना, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, ते फोर्ड नाट्यगृहात होते आणि लिंकनचा मारेकरी रंगमंचावर उडी घेताना त्यांनी पाहिला होता. त्या बालकाला गोळी झाडल्याचे कळलेच नव्हते. वरून पडलेल्या माणसाला लागले असेल, याचीच त्याला काळजी वाटली होती. बक्षिसाच्या ऐंशी डॉलरांबरोबर त्यांना पाइपच्या तंबाखूचा डबा देण्यात आला, कारण कार्यक्रमाचे आश्रयदाते सिगारेटवाले आणि म्हातारबुवा मात्र पाइप ओढणारे. दोन महिन्यांनी ते वारले. लिंकनच्या खुनाचा अखेरचा साक्षीदार कोणत्या न्यायालयात, कोणत्या विद्यापीठात जपला गेला नाही. तो जपला गेला एका खेळाच्या फिल्मवर. त्या काळचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि 'व्हॉट्स माय लाइन?'च्या पहिल्या काही वर्षांतील बऱ्याच फिल्म तर नष्टच झाल्या. उरलेल्या पाहताना जे वाटते त्याला कोणी स्मरणरंजन म्हणावे, मी त्याला वारसाहक्क म्हणतो.

किलगॅलन ७ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री नेहमीप्रमाणे खेळल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी मृत आढळल्या. पुढल्या रविवारी सहकाऱ्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि खेळ मांडला. आणखी दोन वर्षांनी अखेरचा रविवार आला. नामवंत पाहुणा ऐनवेळी आला नाही तर त्याच्या जागी स्वतः डेलींनी पाहुणे व्हावयाचे, अशी तजवीज आरंभापासून करून ठेवलेली होती, आणि साडेसतरा वर्षांत ती एकदाही अमलात आणावी लागली नव्हती. त्या रात्री प्रश्नकर्त्यांनी पट्ट्या बांधल्या, आणि शेजारच्या खुर्चीत दुसरे कोणीही नसताना डेली कधी बदललेल्या आवाजात पाहुण्याची, तर कधी आपल्या आवाजात सूत्रधाराची उत्तरे देत राहिले.