कापसाचा बर्फ आणि देह झालेला शब्द

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वसईच्या गावांतून फेरफटका मारला की अंगणाअंगणांत आणि नाक्यानाक्यांवर नाताळचे गोठे उभे राहताना दिसतात. भाताची झोडणी नुकतीच आटोपलेली असते. पेंढा ताजा असतो, त्याला अजून शेताचा वास असतो. त्याच पेंढ्याने मुले गोठा शाकारतात, आत बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती मांडतात. आणि मग सगळ्यावर कापूस पसरतात. हा कापूस म्हणजे बर्फ. ज्या गावात म्हाताऱ्या माणसानेही कधी बर्फ पडलेला पाहिलेला नाही, तिथे हा बर्फ दरवर्षी न चुकता पडतो.

‘मुलांची हौस आहे, त्यात काय एवढे?’ असे कोणी म्हणेल. मुलांच्या हौसेशी माझे भांडण नाही. मात्र तो कापूस निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्या आपणा मोठ्यांशी जरूर आहे. माझ्या मते तो कापूस नाताळच्या मूळ अर्थालाच झाकून टाकतो.

तो अर्थ काय आहे? ख्रिस्तजन्माची कथा चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांतच येते. मार्क ती सांगत नाही. योहानाकडे गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. तो थेट ‘शब्दा’पासून आरंभ करतो आणि तो शब्द देहधारी झाला असे सांगतो. मूळ ग्रीकमधला ‘लोगोस’ मराठीत ‘शब्द’ झाला हे आपल्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांना विशेष वाटावे. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा असा की, देवाने नुसता निरोप किंवा ग्रंथ धाडला नाही, तो स्वतः माणूस झाला. इसवी सन ४५१ च्या काल्सेदोन परिषदेने हीच गोष्ट तत्त्वाच्या भाषेत बांधली: ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव. मराठी वाचक इथे चटकन ‘अवतार’ म्हणतो आणि पुढे जातो. साम्य आहेच, पण ख्रिस्ती विचारात ही घटना एकदाच घडते. तिथे देह हे धारण केलेले सोंग नसते. तो भुकेला होतो, थकतो, रडतो आणि मरतो. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात या उतरण्याला ‘स्वतःला रिक्त करणे’ म्हटले आहे.

आता, देह म्हटला की तो सर्वसाधारण असू शकत नाही. त्याला एक आई असते, एक गाव असते, एक बोली असते. येशू अरामी बोलत असे, तीही गालीलकडची. त्याच्या शिष्याला, पेत्राला, यरुशलेमच्या वाड्यात लोकांनी बोलण्याच्या ढबीवरून ओळखले अशी नोंद मत्तय करतो. राजधानीच्या कानाला गावंढळ वाटणाऱ्या बोलीत देव बोलला, हा नाताळचा अर्थ आहे. घरात कादोडी बोलणारा आमचा विद्यार्थी वर्गात येताच ती उंबऱ्याबाहेर ठेवतो, तेव्हा त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

गोठ्याची प्रथाही हेच सांगते. असिसीकर संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत बैल, गाढव आणि खरे गवत आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. बेथलेहेम आपल्या गावच्या गवतात दिसावे, हा त्यामागचा भाव होता. त्याच परंपरेचे आपण वारस. आपण मात्र आपले गवत युरोपच्या शुभेच्छापत्रांतल्या बर्फाखाली पुरतो.

हे मराठीत पूर्वी कोणाला सुचले नव्हते असे नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन पुराणे, आणि त्यांतल्या दुसऱ्यात ख्रिस्तजन्म. आपण वर्गात काय शिकवतो? मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या चार-दोन प्रसिद्ध ओव्या. परकीयाने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र तेवढे आपण जपून ठेवतो आणि ज्यासाठी ते पुराण रचले तो आशय बाजूला सारतो. हा गुन्हा मीही अनेक वर्षे केला आहे. स्टीफन्सने ओवी निवडली ती शोभेसाठी नव्हे. शब्द देही होतो यावर विश्वास असेल, तर तो ओवीतही उतरला पाहिजे, ही त्या निवडीची निष्पत्ती आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे पुराण पोर्तुगीज सत्तेच्या छायेत रचले गेले. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. खुद्द वसई १५३४ ते १७३९ त्याच सत्तेखाली होती. हे सारे खरे आहे आणि ते वर्गात सांगितलेच पाहिजे. पण त्याच सत्तेने पुढे, १६८४ साली, गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला, हेही सांगितले पाहिजे. त्या हुकमाच्या शेजारी ठेवून पाहिले की ‘ख्रिस्तपुराणा’ची वाट किती वेगळी होती ते कळते. तो हुकूम काही सफल झाला नाही. आज मात्र असा कोणताही हुकूम नसताना आपण इंग्रजीच्या बाबतीत तो मुकाट्याने पाळत आहोत. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, वसईची वेदी मराठी झाली, आणि आता नाताळची गाणी पुन्हा इंग्रजीकडे सरकू लागली आहेत.

दुसरी फसवणूक अधिक सभ्य आहे. ‘नाताळ म्हणजे प्रेम आणि शांतीचा संदेश’ असे म्हणून सर्वधर्मीय व्यासपीठावरून आपण उतरतो. असा गुळगुळीत नाताळ कोणालाच खुपत नाही, कारण त्यातून हेरोद गाळलेला असतो. मत्तयाच्या कथेत बालहत्या आहे आणि रातोरात मिसरला पळणारे कुटुंब आहे. लूकच्या कथेत शिरगणतीसाठी निघालेले जोडपे आहे आणि त्यांना उतारशाळेत जागा नाही. बातमी पहिल्यांदा पोहोचते ती रात्री जागणाऱ्या मेंढपाळांना. आजच्या वसई-विरारमध्ये रात्री कोण जागते? इमारतीचा रखवालदार, नायगाव-अर्नाळ्याचा मच्छीमार, शेवटच्या लोकलने नालासोपाऱ्यात उतरून दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीकडे चालणारा मजूर. ‘बाहेरच्यांनी वसई बिघडवली’ असे जेवणाच्या टेबलावर म्हणणाऱ्या आपल्या घरांनी, उतारशाळेचा मालक कोण, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा अर्थ जगून दाखवला. ‘हरित वसई’च्या आंदोलनात ते माती आणि पाण्यासाठी उभे राहिले, ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ‘धर्मगुरू कसा चालेल?’ असा सूर उमटला. संतांच्या अभंगांवर पोसलेल्या साहित्याने हे विचारावे, यात विसंगती नव्हती काय? २०२४ साली ते गेले. त्यांना आदरांजली वाहणारे आपण त्यांच्या मागे पाणथळ जागांत भराव पडताना पाहतो आणि त्या भरावावरच्या घरांतही गोठे सजवतो.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला, त्याचा अर्थ फक्त ‘जन्म’. जन्म कुठे तरी व्हावा लागतो. या डिसेंबरमध्ये मी दुसऱ्या पुराणातला ख्रिस्तजन्म वर्गात वाचणार आहे, आणि माझ्या अंगणातला पेंढा उघडाच ठेवणार आहे. मुले कापूस मागतील. त्यांना नाही म्हणण्याचे कारण आता माझ्यापाशी आहे.