काठी बदलायची की नुसती मूठ?



दिवाळी जवळ आली की गंगाखेडच्या बाजारात दुकानादुकानांवर एकच पाटी दिसते, "जुनं द्या, नवं न्या". मिक्सर, कुकर, शेगडी, टीव्ही, मोबाइल, सगळ्यांना तोच न्याय. मग घरात विषय निघतो, "याला किती वर्षं झाली हो? आता बदलायलाच हवं." यावर माझं मत आज सरळ सांगून टाकते. प्रत्येक वस्तूत झिजणारा एखादा भाग असतो. तो ओळखावा आणि वेळ झाली की न चुकता बदलावा. बाकीची वस्तू टिकेल तितकी टिकवावी. आपल्या घरांत मात्र उलटं चाललंय. धडधाकट वस्तू आपण देऊन टाकतो आणि झिजलेला भाग वर्षानुवर्षं तसाच वापरतो.

पुण्याच्या काठ्या

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते गोल्फमुळे! राणीसावरगावात बसून ही बाई गोल्फवर काय लिहिते म्हणून हसू नका. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. कंपनीतल्या लोकांबरोबर त्याला या खेळाचा नाद लागला, सुट्टीच्या दिवशी पहाटेच येरवड्याच्या मैदानावर जातो. मागच्या वेळी फोनवर म्हणाला, "मामी, माझ्या हायब्रिड काठ्यांना पाच वर्षं झाली. सगळे म्हणतात बदल. चांगली घ्यायची तर एकेक काठी वीस-पंचवीस हजाराला पडते."

आपल्याकडे हायब्रिड म्हटलं की ज्वारीचं नाहीतर कापसाचं बियाणं डोळ्यांसमोर येतं. तिथेही अर्थ तोच, दोन जातींचा मेळ. गोल्फमध्ये लांबच्या फटक्यासाठी पातळ पात्याच्या लोखंडी काठ्या असत आणि त्या भल्याभल्यांना साधत नसत. दुसरीकडे जाड डोक्याच्या "वूड" काठ्या होत्या. या दोन्हींचे गुण घेऊन केली ती हायब्रिड. दाट गवतातूनही तिनं चेंडू सोपा उचलला जातो, म्हणून हौशी आणि वयस्कर खेळाडूंना ती फार आवडते.

पण एक फरक आहे. हायब्रिड बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं, हायब्रिड काठीचं तसं नाही. तिचं डोकं धातूचं असतं, नीट वापरलं तर दहा वर्षंही त्याला काही होत नाही. झिजते ती रबराची मूठ. घाम, ऊन आणि धूळ यांनी रबर कडक होतं, गुळगुळीत होतं. मग हात घसरू नये म्हणून खेळणारा काठी आवळून धरतो, मनगट ताठरतं आणि फटका वाकडा जातो. दोष मात्र काठीला! नेहमी खेळणाऱ्यानं मूठ साधारण वर्षातून एकदा बदलावी असं या खेळातली माणसं सांगतात, आणि तिचा खर्च नव्या काठीपुढे किरकोळ असतो. दांड्याला तडा गेला, डोकं सैल झालं, किंवा वयानं हातातली ताकद बदलली, तर काठी जरूर बदलावी. पण कंपन्या वर्ष-दोन वर्षांनी नवं मॉडेल काढतात म्हणून आपली काठी काही म्हातारी होत नाही.

मी भाच्याला विचारलं, "मुठी कधी बदलल्यास?" तो म्हणाला, "बदलायच्या असतात का?" पाच वर्षांत एकदाही नाही!

चौदाच काठ्या

त्यानंच मला सांगितलं की या श्रीमंतांच्या खेळातही परिमाण आहे. एका फेरीत पिशवीत चौदाच काठ्या ठेवता येतात, पंधरावी चालत नाही. हा नियम अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून आहे. त्याआधी काही खेळाडू पंचवीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरायचे आणि ते ओझं बिचाऱ्या कॅडीच्या खांद्यावर.

२००१ सालच्या ब्रिटिश ओपनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. वेल्सचा नामांकित खेळाडू इयन वूसनम शेवटच्या दिवशी अगदी आघाडीवर होता. पहिलं होल उत्तम खेळला. दुसऱ्याच्या सुरुवातीला कॅडीच्या लक्षात आलं की पिशवीत पंधरा काठ्या आहेत. आजमावून बघायला घेतलेली जास्तीची काठी काढायची राहून गेली होती. दोन फटक्यांचा दंड बसला आणि तो शेवटी बरोबरीत तिसरा आला. त्या काठीनं तो एक फटकाही मारला नव्हता, नुसती जवळ असण्याचा दंड!

आपल्याला यात नवल वाटायला नको. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहेच. किती ठेवायचं ते आधी ठरवा आणि मग त्यात राहा. आपल्या शास्त्रांनी परिग्रहाचं मूळ वस्तूत सांगितलेलं नाही, तिच्यावरच्या मूर्च्छेत सांगितलंय. नव्या मॉडेलचा फोटो बघून हातातली चांगली वस्तू अचानक फिकी वाटायला लागते, ती मूर्च्छाच की.

आता आपल्या ओट्याकडे या

भाच्याला हसण्याआधी आपण आपला ओटा बघू या. आपल्या स्वयंपाकघरातली "मूठ" कोणती?

पहिली म्हणजे गॅसची नळी. शेगडी पंधरा वर्षं चालेल, पण रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, ती वरून कितीही चांगली दिसली तरी. आयएसआय शिक्का असलेली नारिंगी "सुरक्षा" नळीच घ्या. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. मध्येच चिरा दिसल्या, उंदरानं कुरतडली किंवा नळी कडक झाली, तर पाच वर्षांची वाट बघू नका. काही घरांत नळीवर शोभेचं कापड गुंडाळतात, ते आधी काढा, त्याखालची चीर दिसत नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊ नका, परत पाठवा. गॅस गळतीचा वास आला तर तक्रारीचा क्रमांक १९०६, तो घरातल्या पोरासोरांनाही पाठ हवा.

दुसरी, कुकरची रिंग. तिच्याही रबराचं तेच होतं, कडक होतं आणि वाफ सुटायला लागते. मग आपण कुकर बिघडला म्हणतो आणि दिवाळीला तो देऊन टाकतो. रिंग साधारण वर्षानं बदलली की तोच कुकर पुन्हा शिट्टी देतो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तर त्याहून महत्त्वाचा. कुकरमधलं पाणी आटून तो तापला की व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफेला वाट देतो. म्हणजे तो स्वतः जाऊन आपल्याला वाचवतो. तो एकदा उडाला की त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवायचा. तार नाहीतर खिळा ठोकून काम भागवायचं नाही. नवा कुकर घ्यायची वेळ आलीच तर आयएसआय खूण बघूनच घ्या, १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे.

तिसरा, नॉनस्टिक तवा. त्याचा लेप सोलायला लागला की तो खरंच संपला, तिथे काटकसर नको. पण लोखंडी तवा जितका जुना तितका गुणी, त्याला कशाला बदलायचं?

आणि कल्हई! आपल्या आज्या-सासवांनी हे सगळं न शिकता जाणलं होतं. पितळेचं पातेलं तीन पिढ्या चालायचं आणि त्याची कल्हई तेवढी ठरावीक काळानं व्हायची. कल्हईवाला भाता लावून बसला, नवसागराचा धूर निघाला की गल्लीतली सगळी भांडी बाहेर यायची. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी करायची नाही, हे लहान पोरीलाही माहीत होतं. कथील २३२ अंशांवर वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, हेही त्या आकडा न कळता पाळायच्या. भांडं टिकवायचं आणि लेप बदलायचा, याहून सोपी रीत कोणती?

पिच्छी आणि गाळणं

आपल्या धर्मात वेळेवर बदलण्याचा सगळ्यात सुंदर दाखला पिच्छीचा आहे. मुनिमहाराजांजवळ मोजून दोन-तीन उपकरणं, त्यातली एक मोरपिसांची पिच्छी, तीही मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची. धूळ न धरणारी, घाम न शोषणारी, मऊ, सुकुमार आणि हलकी असे तिचे पाच गुण सांगितलेत. वर्षभराच्या वापरानं पिसं झडतात, राठ होतात आणि तिचा स्पर्श बारीक जिवांना टोचू लागतो. म्हणून चातुर्मास संपला की पिच्छी परिवर्तन होतं. ज्यांनी वस्त्रही ठेवलं नाही, तेसुद्धा ही एक गोष्ट दरवर्षी बदलतात, कारण ती झिजली तर अहिंसा झिजते. आणि जुनी पिच्छी कुणाला मिळते? जो श्रावक संयमाचा नियम घेतो त्याला. आपल्या दुकानातल्या "जुनं द्या, नवं न्या" शेजारी हा व्यवहार ठेवून बघा.

घरातलं आपलं गाळणंही तसंच. पाणी गाळायचं कापड जाड हवं, दुहेरी करून वापरायचं, आणि त्यातून ऊन आरपार दिसता कामा नये, असं आपण ऐकत आलोय. पण ते विरलं तरी आठवण कुणाला होते? विरलेल्या गाळण्यातून पाणी ओतणं म्हणजे नुसती रीत पाळल्याचं समाधान. ते उन्हाकडे धरून बघायचं आणि प्रकाश आरपार आला की बदलायचं. पन्नास रुपयांचंही काम नाही.

जपणंही अति नको

काही जणी म्हणतील, मग आम्ही काहीच टाकत नाही, माळ्यावर सगळं जपलंय. बंद मिक्सर, तीन कुकर, फुटक्या बादल्या, चार्जरचं जाळं. हासुद्धा परिग्रहच आहे. त्यात पाली-झुरळं होतात आणि मग औषध मारायची वेळ येते, म्हणजे हिंसा ओढवून घेणं. दुरुस्त होईल ते दुरुस्त करा, कुणाच्या उपयोगाचं असेल ते देऊन टाका, बाकीचं भंगारात जाऊ द्या. दुकानदार "याचे पार्ट मिळत नाहीत, नवंच घ्या" म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं पोर्टल सुरू केलंय. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे सापडते, लेकीसुनांना मोबाइलवर शोधायला सांगा.

आता मनातलं बोलते. घरात काय बदलायचं हे ठरवतं कोण? मोबाइल दोन वर्षांत बदलतो, मोटारसायकल पाच वर्षांत जुनी वाटते, कारण त्या चारचौघांत दिसतात. गॅसची नळी ओट्याखाली असते, कुकरची रिंग झाकणात असते. त्या कुणाला दिसत नाहीत आणि त्यांच्याजवळ रोज उभी राहते ती बाई. ती म्हणते "चालतंय तोवर चालू दे", आणि घरचे त्याला काटकसर म्हणतात. स्वतःच्या जिवावरची काटकसर हा काही अपरिग्रह नव्हे. आपलाही जीव जीवच आहे, त्याचीही दया करायला हवी.

म्हणून यंदा धनत्रयोदशीला एक करा. दुकानात जाण्याआधी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. गॅसची नळी, कुकरची रिंग, व्हॉल्व्ह, पाण्याच्या मशीनचं फिल्टर, गाळणं, प्रत्येकापुढे बदलल्याची तारीख लिहा. ज्याची तारीख आठवत नाही ते आधी बदला. सगळं मिळून हजार-दीड हजारांत होईल. त्यानंतरही नवा मिक्सर घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या, पण परिमाण ठरवून.

भाच्यानं चार मुठी बदलल्या. काठ्या जुन्याच आहेत आणि चेंडू सरळ जातोय म्हणे.

तुमच्या घरी नळीवर कोणतं वर्ष छापलंय ते आत्ताच उठून बघा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!