काट्याला नको, गुडघ्यांना विचारा

सत्तरीनंतर वजन उतरवण्यासाठी ट्रेनर ठेवावा का, असे पुष्कळजण मला विचारतात. माझे मत असे: ठेवावा, पण आधी ताकदीसाठी, मग वजनासाठी. नुसते कमी खाऊन वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खूश होतो, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचे आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत.

ट्रेनर निवडताना त्याचे दंड पाहू नका, त्याचे प्रश्न ऐका. रक्तदाब, मधुमेह, गोळ्या, गुडघे यांची चौकशी न करता जो महिन्यात १० किलो उतरवण्याची हमी देतो, त्याला दुरूनच शालोम करा. वृद्धांना व्यायाम शिकवण्याचे प्रमाणपत्र मागा, संकोच नको. त्याआधी कुपत खोलीममधल्या आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. हिब्रू अडखळत असेल तर पहिल्या दिवशी नातवंडाला सोबत न्या; कुठे दुखते ते ट्रेनरला नीट कळलेच पाहिजे. एकट्याला खर्च झेपत नसेल तर तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून ठेवावा, किंवा मतनासमध्ये ज्येष्ठांच्या वर्गाची चौकशी करावी.

तीन महिन्यांनी हात न टेकता उठता आले, की पैसे वसूल झाले समजा.