संयुक्त प्रतिमा आणि आपले प्रत्यक्ष

मस्तिष्कगत अर्बुदाचा रुग्ण आज नागपुरातील वैद्याकडे येतो तो बहुधा शस्त्रकर्म व किरणोपचार झाल्यानंतरच येतो, आणि त्याच्या लिफाफ्यात एक रंगीत चित्र असते. करड्या मस्तिष्कावर तांबडा-पिवळा ठिपका. हे चित्र एका तपासणीचे नसते. ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्य कोठे अधिक शोषले गेले हे पेट स्कॅन सांगतो, रचना सीटी अथवा एमआरआय दाखवितो, आणि संगणक दोहोंना एकमेकांवर बसवितो. २००२ साली मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पेट स्कॅन सुरू झाला, तेव्हा विदर्भातील रुग्णाला ही गोष्ट दुर्लभ होती. आता जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांमुळे ही सोय नागपुरातच आहे. (या द्रव्यातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, समृद्धी महामार्गाने आठ तासांत मुंबईहून आणले तरी जेमतेम विसावा हिस्सा उरेल. तपासणी महाग का, याचे एक कारण येथे आहे.)

अशा चित्राकडे आपण कसे पाहावे, याविषयी आमचे काही निश्चित मत आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, वस्तू अस्तित्वात असूनही प्रत्यक्षाने का कळत नाही, याची आठ कारणे दिली आहेत. त्यांतील समानाभिहार व अभिभव ही दोन येथे विलक्षण लागू पडतात. किरणोपचारानंतर मृत झालेला मस्तिष्कभाग आणि पुन्हा वाढू लागलेले अर्बुद एमआरआयमध्ये बरेचदा सारखेच उजळतात, हा समानाभिहार. मृत भाग ग्लुकोज फारसा वापरीत नाही, म्हणून पेटची जोड मिळाली की भेद करणे काहीसे सुकर होते. परंतु पेटला स्वतःची अडचण आहे. शरीरभाराच्या सुमारे दोन टक्के असलेले मस्तिष्क विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी वीस टक्क्यांच्या आसपास खर्च करते. त्याचा निरोगी बाह्यस्तरच इतका तेजस्वी दिसतो की शेजारचा विकृत ठिपका, दिवसा तारे लोपावेत तसा, त्यात लोपतो, हा अभिभव. खाली एमआरआयची रचना असेल तर ते तेज स्वाभाविक जागेचे की अस्थानी, हे ठरविता येते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची ही योजना आहे, आणि ज्ञानाच्या एका अंशाने समग्र ज्ञेयाचे ज्ञान होत नाही हे विमानस्थानात शिकलेल्या वैद्याला ती परकी वाटू नये.

तथापि संयुक्त प्रतिमेत एक धोका आहे. एमआरआयमध्ये सुमारे एक मिलिमीटरचा तपशील दिसतो. पेटचा ठिपका चार-पाच मिलिमीटरने पसरट असतो. रेखीव चित्रावर ठेवल्याने तो ठिपका रेखीव होत नाही, केवळ तसा भासतो. दोन तपासण्यांमध्ये महिन्याचे अंतर असेल, मधल्या काळात शोथ वाढला वा उतरला असेल, तर ठिपका भलत्याच जागी बसू शकतो. कवटी अस्थिमय असल्याने उदरापेक्षा येथे जुळणी सोपी, हे खरे. पण ठिपका हे मूलतः अनुमान आहे, धुरावरून अग्नीचे करावे तसे. शोथातही ग्लुकोजचा वापर वाढतो. रचना दाखविणारे चित्र त्यामानाने प्रत्यक्षाच्या जवळचे. दोन्ही एकत्र मिसळली की कोणते काय, याचे भान सुटते.

आपल्या परिसंवादांतून हे भान सुटलेले आम्ही पाहिले आहे. एका निबंधात तांबडा भाग पित्ताचा व निळा भाग कफाचा म्हणून दाखविला गेला आणि सभागृहात टाळ्या पडल्या! वस्तुतः ते रंग संगणकचालक निवडतो. कळ दाबली की तेच चित्र हिरवे-जांभळे होते; मग पित्त कोठे गेले म्हणायचे? दोषविचार नाडी, मूत्र, मल, जिव्हा, निद्रा, अग्नी यांवरून करावयाचा. तो चित्रावर चिकटविल्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.

याहून गंभीर प्रकार 'चिकित्सेपूर्वी' आणि 'चिकित्सेनंतर' अशा जोडचित्रांचा. किरणोपचार व रसायनोपचार संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये अर्बुद वाढल्यासारखे दिसते आणि पुढे चिकित्सा न बदलताही ते आपोआप ओसरते. डेक्सामिथासोनसारखे स्टेरॉइड चालू असल्यास शोथ आणि उजळपणा दोन्ही घटतात. रंगपट्टीची कमाल मर्यादा वाढविली तरी ठिपका लहान होतो. नेमक्या याच काळात रुग्ण आपल्याकडे येतो, आपण कांचनार गुग्गुळ देतो, आणि पुढील चित्र निर्मळ आले की श्रेय कोणाचे, हे विचारण्यास कोणी थांबत नाही. रुग्णाने ऐकलेले तेवढेच असते. त्या भरवशावर त्याने पुढील तपासणी टाळली, तर पुनरुद्भव कळण्यास जो उशीर होईल त्याला आपण उत्तरदायी ठरू. असे चित्र फलकावर लावणे तर दूरच. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोग व मस्तिष्कविकार दोन्ही आहेत.

काही मित्र म्हणतात, वैद्याने या यंत्रांच्या वाटेला जाऊच नये. ते आम्हांस मान्य नाही. शवविच्छेदन करून प्रत्यक्ष पाहावे व ते शास्त्राशी पडताळावे, असे सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांचे आपण अनुयायी आहोत. पाहण्यास प्रत्यवाय नाही. अर्धवट पाहण्यास आहे.

आपल्या त्रैमासिकास आमची सूचना अशी की, मस्तिष्कविकाराचा रुग्णानुभव छापताना केवळ संयुक्त रंगीत चित्र स्वीकारू नये. दोन्ही मूळ प्रतिमा वेगवेगळ्या, त्यांचे दिनांक, किरणोपचार कधी संपला तो दिनांक, स्टेरॉइडची मात्रा आणि मूळ अहवाल यांवाचून लेख परत पाठवावा. यास वैद्यबंधू-भगिनींना फारसे कष्ट पडणार नाहीत. तपासणीची सीडी रुग्णाजवळ बहुधा असते. ती तो घरीच ठेवून येतो, कारण वैद्याला ती लागणार नाही असे त्याने गृहीत धरलेले असते.