खड्डा किती खोल असावा?

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे भाजीपाल्याची चैन. मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार, सगळे एकदम बाजारात येते आणि दस्तरखानावर रोज काहीतरी हिरवे असते. नेमक्या याच दिवसांत आपल्याच देशातल्या लेह, कारगिल, द्रास या भागात शेतात गवताची काडी उगवत नाही. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो, द्रासला त्याच्याही खाली जातो. श्रीनगरहून येणारा रस्ता जोजिला खिंडीतून जातो आणि बर्फ पडले की बंद होतो. पूर्वी तो महिनोन्‌महिने बंद असे. अलीकडे हा काळ बराच कमी झाला आहे आणि खिंडीखालून बोगद्याचेही काम चालू आहे. तरी ऐन थंडीत ताजी भाजी विमानाने येते आणि विमानाचे भाडे भाजीच्या भावात मिळवले जाते. ज्या घरात चार-पाच मुले आहेत त्या घराने रोज पालक कुठून आणावा?

या प्रश्नाचे एक उत्तर तिथल्या लोकांना जमिनीखाली सापडले आहे. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर घालायचे आणि आत भाजी लावायची. लेहमध्ये संरक्षण संशोधन खात्याची एक संस्था आहे, तिला थोडक्यात ‘डिहार’ म्हणतात. १९६२ साली सुरू झालेल्या छोट्या प्रयोगशाळेतून ती वाढली. उंचावरच्या सैनिकांना ताजे अन्न मिळावे म्हणून तिने जे प्रयोग केले, त्यांत हा खड्डाही आहे. गावकऱ्यांनी तो घराशेजारी उतरवला. प्रचलित माप साधारण ३० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट खोल.

आम्ही या विषयाकडे वळलो त्याचे कारण मोबाइल. आमचे विद्यार्थी आणि त्यांचे पालकही आम्हाला व्हिडिओ दाखवतात. माणूसभर खोल खड्डा, शिडीने खाली उतरायचे, आत हिरवेगार मळे. ‘सर, जितके खोल तितके उबदार ना?’ असे मुले विचारतात. प्रश्न सरळ वाटतो, पण उत्तर तसे नाही. ते नीट समजून न घेता कुणी खणायला लागले तर उन्हाळ्याची मेहनत आणि प्लास्टिकचा खर्च एका हिवाळ्यात मातीत जाईल. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ या: खड्डा किती खोल असावा?

आधी जमिनीचा स्वभाव पाहू. वरची हवा दिवसा तापते, रात्री गारठते. जमिनीचा वरचा थरही तिच्याबरोबर तापतो आणि थंड होतो. जसजसे खाली जावे तसतसा हा चढउतार कमी होतो आणि पुरेशा खोलीवर वर्षभर तापमान जवळपास एकसारखे राहते. ते त्या जागेच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास असते. पुण्या-औरंगाबादकडे जुन्या वाड्यांची तळघरे उन्हाळ्यात गार लागतात ती यामुळेच. लेहची वर्षाची सरासरी मात्र दहा अंशांच्या खालीच आहे. म्हणजे तिथे कितीही खोल गेलात तरी जमीन चुलीसारखी ऊब देणार नाही. ती फक्त गोठण्यापासून वाचवेल. जमीन ही रजई आहे, शेगडी नव्हे. रजई स्वतः गरम नसते, अंगातली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही.

मग ऊब येते कुठून? सूर्याकडून. लडाखात पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. दिवसा प्लास्टिकमधून ऊन आत येते, खड्ड्याच्या मातीच्या भिंती आणि तळ तापतात. रात्री हीच माती ती ऊब सावकाश परत सोडते. वारा वरून निघून जातो, आत शिरत नाही. आणि तेच ऊन रोपांचे अन्नही आहे. ऊन नाही तर ऊब नाही आणि वाढही नाही.

इथे साठवण आणि लागवड यांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. लडाखी लोक बटाटे, गाजर, सलगम हिवाळ्यासाठी जमिनीत खड्डा करून पुरून ठेवतात, त्याला ते ‘सादोंग’ म्हणतात. आपल्याकडे सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे प्रसिद्ध आहेत. दोन्ही जमिनीखालचीच. पण साठवलेल्या मालाला अंधार चालतो. जिवंत रोपाला नाही. त्यामुळे पेव हवे तितके खोल खणा, बागेचा खड्डा तसा खणता येत नाही.

का ते आकड्यांनी पाहू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. लेह ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो. इतक्या तिरप्या उन्हात खड्ड्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीची सावली तळावर पडते. भिंत ३ फूट असेल तर सावली सुमारे पावणेपाच फूट. खड्डा १० फूट रुंद आहे, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त वाफ्याला थेट ऊन मिळते. आता तोच खड्डा ६ फूट खोल करा. सावली साडेनऊ फूट होते. दहा फुटांच्या तळावर उन्हाची अर्ध्या फुटाची चिंचोळी पट्टी उरते. ही भर दुपारची गोष्ट झाली. सकाळी आणि संध्याकाळी सावली याहून लांब असते. अशा खड्ड्यात रोपे गोठणार नाहीत कदाचित, पण पिवळी आणि लांबुडकी होऊन उभी राहतील. शिवाय ३ फुटांच्या खड्ड्यातून ९०० घनफूट माती निघते, तिचे वजन ४० टनांच्या आसपास भरते. ६ फुटांसाठी हे कष्ट दुप्पट, आणि पदरात अंधार.

मग व्हिडिओतले खोल खड्डे खोटे का? तसे नाही. त्यांतले बरेचसे दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशाच्या पद्धतीवर बेतलेले असतात. तिथल्या आयमारा लोकांच्या भाषेतून आलेले ‘वालिपिनी’ हे त्यांचे नाव. तिथे ६ ते ८ फूट खोली सांगितली जाते. उंची लेहसारखीच, थंडीही आहे. पण बोलिव्हियाचे ते पठार विषुववृत्तापासून फक्त १६-१७ अंशांवर आहे. त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे जूनमध्ये, दुपारचा सूर्य सुमारे ५० अंश वर असतो. तिथे ६ फूट भिंतीची सावली ५ फुटांत संपते. पद्धत तिथे बरोबर आहे. तीच जशीच्या तशी लडाखात उचलली तर चुकीची ठरते. खोली ठरवताना थंडीबरोबर सूर्याची उंचीही मोजावी लागते.

लडाखातल्या खड्ड्याची बाकीची रीतही याच हिशोबावर उभी आहे. खड्ड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे लांब उघडी बाजू दक्षिणेच्या उन्हाला सामोरी येते. जागा निवडताना हिवाळ्यात डोंगराची, घराची किंवा झाडाची सावली तिथे पडत नाही ना, हे पाहावे लागते. दक्षिणेची भिंत सरळ न खणता बाहेरच्या बाजूला उतरती ठेवली तर सावली आणखी कमी होते आणि माती ढासळत नाही. निघालेल्या मातीचा बांध उत्तरेकडे घातला की छप्पर दक्षिणेकडे उतरते, बर्फ घसरून पडते. ये-जा करायची पायवाट दक्षिणेच्या सावलीच्या पट्ट्यात ठेवावी, वाफे उत्तरेच्या उन्हात. छपराला आधार म्हणून पॉप्लर किंवा विलोच्या बल्ल्या, वर उन्हात न कुजणारे जाड प्लास्टिक.

पेरणी थंडी पडण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकावी लागते. मुळे धरली की रोप पुढची थंडी सोसते. डिसेंबरच्या गार मातीत बी टाकले तर ते तसेच पडून राहते. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला अशा पालेभाज्याच घ्याव्यात, टोमॅटोची आशा ऐन हिवाळ्यात धरू नये. पाने बाहेरून खुडत गेले की तेच रोप पुन्हा पुन्हा देते.

एक काम मात्र व्हिडिओत दिसत नाही. रोज सूर्य मावळण्याआधी प्लास्टिकवर जुनी घोंगडी, चादरी पसरायच्या आणि सकाळी ऊन आले की काढायच्या. एक रात्र विसरलात तर महिन्याचे पीक जाऊ शकते. भर दुपारी थोडा वेळ कडेचे प्लास्टिक उचलून हवा खेळू द्यायची, नाहीतर आतल्या दमटपणाने बुरशी आणि मावा धरतो. घरोघरी हे काम बहुधा बायका-मुलांच्या वाट्याला येते. खड्डा एकदा खणायचा असतो, राखायचा रोज असतो. खणण्याआधी घरातल्या मंडळींनी ही पाळी वाटून घेतली पाहिजे.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भुसभुशीत मातीत सरळ उभ्या भिंतींचा खोल खड्डा केव्हाही ढासळू शकतो, मुलांना त्यात एकटे उतरू देऊ नये. आणि रोपांना ऊब मिळावी म्हणून झाकलेल्या खड्ड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही.

आता आपल्या अंगणाचे. महाराष्ट्रात असा खड्डा खणावा का? आमचे उत्तर आहे, नाही. आपली अडचण थंडीची नाही, उन्हाची आणि पाण्याची आहे. आपल्या उन्हात प्लास्टिक झाकलेला खड्डा म्हणजे भट्टी. पावसाळ्यात त्याची विहीर होणार. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, तिच्या भिंती टिकत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात कोथिंबीर जगवायची असेल तर हिरवी शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ थोडे पाणी पुरते.

पण लडाखच्या खड्ड्यातला हिशोब आपल्याला नक्की घेता येतो. येत्या २२ डिसेंबरला मुलांना अंगणात किंवा गच्चीवर घेऊन जा. ३ फुटांची काठी सरळ उभी करा आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजा. पुण्याकडे ती सुमारे पावणेतीन फूट भरेल. त्याच दिवशी लेहमध्ये तशाच काठीची सावली पावणेपाच फूट असेल. हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घ्या. दुसऱ्याच्या गावाची चांगली गोष्ट आपल्या गावात आणण्यापूर्वी काय मोजायचे असते, हे मुलांना त्या दोन आकड्यांतून समजेल. कुंड्या कुठे ठेवायच्या, गच्चीवर वाफा कोणत्या बाजूला करायचा, खिडकीला पडदा हवा की नको, हे सगळे त्याच काठीने ठरवता येते. मोजलेले आकडे आम्हाला जरूर कळवा.