दगडांची साक्ष आणि शास्त्रांतील राजे

दावीद, शलमोन, अहाब, हिज्कीया इत्यादि पवित्र शास्त्रांतील राजे खरोखर होऊन गेले काय, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारितात. त्यावर दोन उतावीळ उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, उत्खननानें शास्त्रांतील अक्षर न् अक्षर खरें ठरलें आहे. दुसरा म्हणतो कीं, ज्याचा शिलालेख सांपडला नाहीं तो राजा केवळ कल्पनेंतला. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दगड जितकें बोलतो त्याहून अधिक शब्द ते त्याच्या तोंडीं घालितात.

प्रथम, ज्यांविषयीं विद्वानांत वाद उरलेला नाहीं असे राजे घेऊं. सन १८६८ मध्यें क्लाइन नांवाच्या मिशनऱ्यास यार्देन नदीच्या पूर्वेस धीबान येथें मवाबाचा राजा मेशा याची काळी शिळा दिसली. पुढें तेथील लोकांनीं ती फोडली. परंतु क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानानें तत्पूर्वींच तिचा कागदी ठसा घेवविला होता, म्हणून बहुतेक लेख आज वाचतां येतो. इस्राएलाचा राजा अम्री यानें मवाबास फार दिवस पीडिलें व आपण तें जूं झुगारून दिलें, असें मेशा सांगतो. याच बंडाची हकीकत दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत इस्राएलाच्या बाजूनें आलेली आहे. दोन शत्रूंनीं एकच वैर आपापल्या परीनें सांगावें, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर ख्रिस्तपूर्व ८५३ सालीं कर्कार येथें लढला. त्याच्या लेखांत शत्रूंच्या यादींत अहाबाचे २,००० रथ व १०,००० पायदळ नोंदिलें आहे. शास्त्रांत या लढाईचा उल्लेखहि नाहीं! याच शल्मनेसराचा काळा स्तंभ लेयर्ड यास १८४६ मध्यें निमरूद येथें मिळाला. त्यावर येहूची खंडणी कोरली आहे. परंतु तेथें येहूस अम्रीचा पुत्र म्हटलें आहे, आणि शास्त्राप्रमाणें तर येहूनेंच अम्रीचें घराणें बुडविलें. म्हणजे दगडहि ढोबळ बोलतो.

हिज्कीयाची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. ख्रिस्तपूर्व ७०१ सालीं सन्हेरीबानें यहूदावर स्वारी केली. आपण ४६ तटबंदीचीं शहरें घेतलीं व हिज्कीयास यरुशलेमांत कोंडलें, अशी फुशारकी तो मारितो. मात्र यरुशलेम घेतल्याचें तो कोठेंहि म्हणत नाहीं. खंडणीचें सोनें दोन्हीकडे ३० किक्कारच आहे. परंतु रुपें शास्त्रांत ३०० किक्कार, तर सन्हेरीबाच्या लेखांत ८००. ज्यानें आपल्या बखरी वाचल्या आहेत, त्यास विजयी दरबारांत आंकडे कसे फुगतात हें निराळें सांगावयास नको.

आतां दावीद. एकेकाळीं कित्येक पंडित त्यास केवळ दंतकथेंतील पुरुष मानीत. सन १९९३ मध्यें अव्राहाम बिरान यांच्या उत्खननांत दान येथें एका अरामी विजयलेखाचा तुकडा मिळाला. हा लेख ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील असून त्यांत यहूदाच्या राजवंशास दाविदाचें घराणें म्हटलें आहे. तेव्हांपासून, दावीद नांवाचा वंशसंस्थापक झाला, हें बहुतेक विद्वान मान्य करितात. परंतु त्याचें राज्य केवढें होतें किंवा त्यानें गल्याथास मारिलें काय, यांविषयीं ती शिळा मुकी आहे.

शलमोनाच्या काळाचा त्याचें नांव असलेला एकहि लेख अद्याप मिळालेला नाहीं. मगिद्दो येथें शिकागोच्या संशोधकांस ज्या इमारती सांपडल्या, त्या शलमोनाच्या घोड्यांच्या पागा म्हणून १९२० नंतरच्या दशकांत जगभर गाजल्या. पुढें त्या शलमोनानंतरच्या ठरल्या. हासोर, मगिद्दो व गेजेर येथील वेशी यिगाएल यादीन यांनीं शलमोनाच्या मानिल्या. इस्राएल फिंकेलस्टाईन त्यांचा काळ त्याच्या मागून धरितात, आणि हा वाद अजून मिटलेला नाहीं. मग शलमोन झालाच नाहीं काय? असें म्हणणाऱ्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, दानचा तो तुकडा मागाहून बांधलेल्या भिंतींत चिणलेला होता. तो तेथेंच राहिला असता, तर दावीद जन्मलाच नाहीं असें होतें काय?

उलटपक्षीं, भाविकांच्या उत्सुकतेवर जगणारे लबाडहि आहेत. यरुशलेमाच्या मंदिराच्या दुरुस्तीविषयींचा, योवाश राजाचा म्हणून पुढें आलेला एक लेख इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याच्या समितीनें २००३ मध्यें बनावट ठरविला. त्यावर पुढें कोर्टांतहि वर्षानुवर्षें वाद झाला. संशोधकाच्या डोळ्यांदेखत भूमींतून निघालेली वस्तु निराळी, आणि बाजारांतून आलेली निराळी.

हाच न्याय घरच्या इतिहासासहि लागू आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं निघालीं, आणि त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारिलेला होता. जय कोणाचा झाला हें तीं नाणीं निःसंशय सांगतात. जेता गुणानें कसा होता हें सांगत नाहींत.

विद्यार्थीमित्रांनो, पुराव्याचा कोणताहि लेख पुढें आला म्हणजे चार प्रश्न विचारा: हा कोठें मिळाला? कोणीं लिहविला? कोणत्या हेतूनें? आणि यांतून नेमकें किती सिद्ध होतें? पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलानें घरीं असा प्रश्न काढिला तर त्यास अश्रद्ध म्हणून दटावूं नये. ज्या मुलाचा विश्वास एका शिळेवर टेकविला, त्याचा विश्वास दुसरी शिळा निघतांच डळमळेल. आणि विचारूं न दिलेला प्रश्न तो मोठेपणीं आपल्याशीं वैर धरूनच विचारील. देव सत्याचा देव आहे असें आपण मानितों. तर मग त्याच्या नांवानें पुराव्याची भर घालणें हें जितकें अनुचित, तितकेंच मिळालेल्या पुराव्यास भिणेंहि अनुचित होय.